शनिवारची मारामारी, ६०२ मध्ये

६०२: बी विंग मंडळी, शनिवारी संध्याकाळी ६:३० ला आमच्याकडे कुंग फू सिनेमांची बैठक. दहाजण आरामात मावतात, अकराव्याला ओट्यावर बसावं लागेल. कोण कोण येतंय ते कळवा.

४०१: आम्ही दोघं नक्की.

५०२: नावं घ्या, पण आधी एक सांगते. मागच्या वेळी सिनेमा संपल्यावर मुलांनी आमच्या डोक्यावर जो सराव केला, त्याने पंखा हलत होता. साहेबांची गोळी घेऊन लागलेली झोप उडाली.

६०२: काकू, चूक आमची. या वेळी सबवूफर बंद. खरा त्रास त्याचाच होतो, तो दणका स्लॅबमधून खाली उतरतो. स्पीकर जमिनीवर न ठेवता सतरंजीची घडी करून तिच्यावर ठेवतो. आणि सगळं नऊच्या आत आटोपणार.

५०२: आणि मुलं?

६०२: मुलांचं बघतो.

१०४: कुठला सिनेमा? 'द रेड' लावा, इंडोनेशियाचा. एक इमारत, खालपासून वरपर्यंत नुसती हाणामारी.

६०२: मला जाम आवडतो, पण नको. ४०१ ची धाकटी आठ वर्षांची आहे. शिवाय तो पाहिल्यावर आपल्याच जिन्यात पाऊल टाकायला भीती वाटते. मी ठरवलंय ते 'पोलीस स्टोरी', जॅकी चॅनचा, १९८५. दिग्दर्शनही त्याचंच.

२०३: बैठकीत सिनेमा एकच?

६०२: काका, अनुभवाने सांगतो. सलग तीन लावले की दुसऱ्याच्या मध्यावर अर्धे मोबाईलमध्ये आणि अर्धे घोरतात. सिनेमा एकच पूर्ण, त्याआधी दोन तुकडे. पहिला 'एंटर द ड्रॅगन'मधली तळघरातली मारामारी. ब्रूस ली ज्यांना लोळवतो त्यातल्या एका पोराची मान मोडतो, तो पोरगा म्हणजे जॅकी चॅन. तेव्हा त्याला कुणी ओळखत नव्हतं. जो आधी ओळखेल त्याला जादा वडा.

४०१: ब्रूस लीने तो सिनेमा थेटरात लागलेला पाहिलाच नाही ना?

६०२: नाही. २० जुलै १९७३ ला हाँगकाँगमध्ये गेला, वय ३२. सिनेमा त्यानंतर लागला.

२०३: हे सगळं ठीक आहे, पण मुळात कुंग फू आपल्याकडूनच तिकडे गेलं. बोधिधर्म.

१०४: आलं!

२०३: आलं काय? दक्षिण भारतातला भिक्षू होता.

६०२: काका, बोधिधर्म भारतातून गेल्याचं परंपरा सांगतेच. पण त्याने चीनमधल्या शाओलिन मठातल्या भिक्षूंना व्यायाम शिकवला हे ज्या पोथीवरून सांगतात, ती १७व्या शतकातली. म्हणजे हजारेक वर्षांनी लिहिलेली.

२०३: पोथी उशिरा लिहिली म्हणून गोष्ट खोटी?

१०४: काका, आमच्या कोल्हापुरात मर्दानी खेळ आजही आहेत. दांडपट्टा फिरताना बघा, चीनपर्यंत जायची गरज नाही.

सेक्रेटरी: कृपया मूळ विषयावर या. तसेच टाकीची सफाई गुरुवारी आहे, पाणी भरून ठेवा.

३०३ (आजी): माझ्यासाठी काही आहे का? मला नुसती धपाधपी नको.

६०२: आजी, दुसरा तुकडा तुमच्यासाठीच. १९६६ चा 'कम ड्रिंक विथ मी', खानावळीतला प्रसंग. नायिका एकटी, भोवती गुंडांचं टोळकं, आणि ती बसल्या जागेवरून हलायलाही तयार नाही. चेंग पेई-पेई. बॅले शिकलेली, म्हणून हात-पाय ठेक्यात पडतात. आधी बराच वेळ कुणी काही करत नाही, मग एक फटका, पुन्हा शांत. सम येईपर्यंत तबलजी थांबतो तसं.

३०३ (आजी): मग येते.

६०२: आणि हीच बाई ३४ वर्षांनी, २००० साली, 'क्राउचिंग टायगर'मध्ये म्हातारी खलनायिका झाली.

३०३ (आजी): बायकांना वय झाल्यावर तेच देतात. असो. हिंदीत आहे का?

६०२: नाही, मूळ भाषा, खाली इंग्रजी अक्षरं. शेजारी बसून मी सांगेन.

४०१: मूळच का? डबिंगमध्ये काय वाईट?

६०२: खरं तर वाद घालायला मला तोंड नाही. त्या काळी हाँगकाँगमध्ये बहुतेक चित्रीकरण आवाजाविनाच व्हायचं, संवाद नंतर भरायचे. म्हणजे मूळ भाषेतही डबिंगच. पण इंग्रजीत सगळेजण एकाच घशातून बोलल्यासारखे वाटतात.

४०१: खायला काय आणू? मिसळ करते.

६०२: वहिनी, रस्सा नको! अक्षरं वाचायची असतात, नजर ताटात गेली की संवाद गेला. न बघता तोंडात जाईल असं काहीतरी. कोथिंबीर वडी चालेल. वडे मी तळतो, पाव लावून.

१०४: चकल्या?

६०२: नको, शांत प्रसंगात दहाजण कुडुमकुडुम करणार.

५०२: त्या पोलीस स्टोरीत एवढं काय आहे?

६०२: काकू, शेवटी मॉलमधली मारामारी आहे. इतक्या काचा फुटतात की स्टंटवाल्यांनी सिनेमाचं नाव 'ग्लास स्टोरी' पाडलं होतं. मग तो वरच्या मजल्यावरून दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या खांबाला धरून थेट खाली येतो. आधाराची तार नाही, बदली माणूस नाही. हाताची कातडी भाजली. एकच उडी वेगवेगळ्या कोनांतून पुन्हा पुन्हा दाखवलीय, आणि मला त्यात बढाई वाटत नाही. एवढं केलंय तर दाखवू दे. शेवटी नावं येताना चित्रीकरणातल्या फजित्या आहेत, दिवे लावायची घाई करू नका.

५०२: आम्ही दोघंही येतो. वरच बसलो तर खाली आवाज ऐकायला कोण राहणार?

६०२: काकू! पुढची खुर्ची तुमची.

सेक्रेटरी: सूचना: शनिवारी ५ ते ७ लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद राहील.

३०३ (आजी): आणि मी तीन मजले चढू कशी?

६०२: आजी, मुलांना खाली पाठवतो, खुर्चीसकट वर आणतील. तेवढाच सराव.

५०२: हा सराव चालेल.