शब्दचर्चा : गोधडी म्हणू की क्विल्ट? आणि जमून शिवण्याला काय म्हणू?

रिकामी रीळ :

आम्ही सहा जणी. दर शनिवारी दुपारी एकीच्या घरी सतरंजी पसरून बसतो आणि हाताने शिवतो. सहापैकी कुणाच्याही घरी कार्य निघालं की त्या घरासाठी सगळ्यांनी मिळून एक नग पुरा करायचा, असा आपोआप पायंडा पडलाय. आतापर्यंत एक लग्न, दोन बारशी आणि एक साठी पार पडली. साठीच्या वेळी तर शेवटची कड समारंभाच्या सकाळी, ठेवणीतल्या साड्यांचे पदर खोचून शिवत होतो.

परवा पुढच्या लग्नासाठी केलेल्या नगाला चिठ्ठी लिहायला बसले. ‘आम्ही मैत्रिणींनी मिळून शिवलेली ही…’ आणि पेन अडलं. एक म्हणाली, क्विल्ट लिही. दुसरी म्हणाली, सरळ गोधडी लिही ना. तिसरीने नाक मुरडलं, ‘लग्नात गोधडी देतात होय?’ वाद असा रंगला की त्या दुपारी दोन ओळीसुद्धा शिवून झाल्या नाहीत.

तर या वस्तूला काय म्हणावं? आणि या कामाला? ‘आम्ही क्विल्टिंग करतो’ म्हणताना मलाच अवघडल्यासारखं होतं. पण मला खरी ओढ आहे ती तिसऱ्या शब्दाची : असं जमून शिवण्याला मराठीत काय म्हणतात? इंग्रजीत ‘क्विल्टिंग बी’ म्हणतात म्हणे. कृपया ‘भिशी’ सुचवू नका. आमची भिशी वेगळी आहे, तिच्यात पैसे असतात आणि भांडणंही.

चौपदरी :

नाक मुरडणाऱ्या मैत्रिणीचं अगदीच चुकलं नाही. जुन्या लुगड्या-धोतरांचे पदर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवलेलं पांघरूण ती गोधडी. तिच्यात कापूस नसतो, कापडालाच कापडाची भर. त्यामुळे शब्दाला जुनेराचा वास चिकटला तो चिकटलाच. ‘गोधडं’ म्हटलं की तर आणखी एक पायरी खाली, मळकं नि बेढब. गाडगेबाबांना लोक ‘गोधडेबुवा’ म्हणत ते अंगावरच्या चिंध्यांच्या पांघरुणावरूनच.

वाकळीची गोष्ट मजेची आहे. कोल्हापूर-सांगलीकडे वाकळ हा रोजचा शब्द. ‘वाकळ घे पांघरायला’ यात कुणाला कमीपणा नाही. तोच शब्द छापील मराठीत आला की दारिद्र्याचं वर्णन सुरू झालं म्हणून समजावं. म्हणजे बोलीत ऊब आणि लेखनात फाटकेपणा. शब्द एकच, फक्त दार बदललं.

दुपटं म्हणजे दोन पट असलेलं. हिंदीत तो दुपट्टा होऊन खांद्यावर गेला, आपल्याकडे बाळाच्या अंगाखाली राहिला. बारशाचा नग असेल तर डोळे मिटून ‘दुपटं’ लिहा. लग्नाच्या चिठ्ठीत मात्र लिहू नका, नवराबायको दचकतील.

रजई-दुलईत पिंजलेला कापूस असतो, म्हणून रचनेने क्विल्टच्या जवळची तीच. पण दुलई म्हटल्यावर तुकडे जुळवल्याचा मागमूस राहत नाही, आणि तुमची सगळी मेहनत तर तिथेच आहे.

भारदस्त काही हवंच असेल तर ‘कंथा’ आहे. संस्कृतात चिंध्यांचं शिवलेलं वस्त्र, विरक्तांच्या अंगावरचं. बंगालीतली कांथा तीच. पण कंथा घेऊन संसाराला लागायचं म्हणजे पहिल्याच पायरीला वैराग्य. ‘पासोडी’लाही मान मोठा. दासोपंतांनी ‘पंचीकरण’ पासोडीवर लिहिलं, ती अंबाजोगाईची पासोडी प्रसिद्धच आहे. दुसऱ्या कुठल्या पांघरुणाच्या वाट्याला एवढं भाग्य आलं नसेल. मात्र पासोडी म्हणजे जाड दुहेरी कापड, तिच्यात तुकड्यांची जुळणी येत नाही.

माझं मत विचाराल तर गोधडीच लिहा. नाक मुरडलं जातं ते आपण तो शब्द फक्त फाटक्या वस्तूसाठी राखून ठेवला म्हणून.

उलटी टीप :

वस्तूचं चौपदरींनी सांगितलंच आहे, मी कामाचं सांगते. दोन वेगळ्या गोष्टींना आपण एकच नाव देतो, तिथून घोळ होतो. तुकडे एकमेकांना जोडून वरचा पट तयार करणं हे एक काम. तो पट, मधली भर आणि खालचं अस्तर असे तीन थर टाक्यांनी एकमेकांत बांधून टाकणं हे दुसरं, आणि क्विल्टिंग म्हणतात ते फक्त या दुसऱ्याला. वरचा पट अख्ख्या कापडाचा असला तरी क्विल्टिंग होतं. उलट, तुकडे जोडून नुसता पडदा शिवला तर ते क्विल्टिंग नव्हे.

दुसऱ्या कामाला आपल्याकडे क्रियापद आहे, ‘गोधडी भरणं’. आमच्याकडे बायका ‘आज दोन हात भरली’ असं सांगायच्या, म्हणजे दोन हात लांबीपर्यंत दोरे घालून झाले. ‘शिवणं’ कशालाही चालतं, ‘भरणं’ म्हटलं की रिकाम्या कापडावर ओळीमागून ओळ चढत गेलेली दिसते.

पहिल्या कामाला ‘ठिगळकाम’ म्हणण्याचं कुणी सुचवण्याआधीच हात जोडते. ठिगळ भोकावर लागतं. इथे भोक कुठेय? शिवाय आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे लावणार असं आपण म्हणतो, त्या शब्दात हतबलता भरलेली आहे. ‘पॅचवर्क’सुद्धा आताशा रस्त्याच्या खड्ड्यांमुळे बदनाम झालंय. मी ‘जुळणी’ म्हणते. पत्रिकेची जुळणी, छापखान्यातली अक्षरजुळणी आणि ही तुकड्यांची. लग्नाच्या नगाला तर फारच शोभेल.

शब्दाबाहेरचं एक सांगू? रिंगणात कापड ताणून शिवणारे मधून सुरुवात करतात आणि कडेकडे सरकतात, म्हणजे जास्तीचं कापड बाहेर ढकललं जातं. आपल्या गोधडीचे टाके बहुधा कडेने सुरू होतात आणि चौकोनात चौकोन करत मध्याकडे जातात. त्यामुळे चुकीचा सगळा झोळ मध्यभागी येऊन साठतो. आधी कच्चे टाके नीट घातले नसतील तर शेवटच्या वीतभर जागेत अशी चुणी उभी राहते की रडू येतं. कच्चे टाके घालण्याला ‘टाचणं’ म्हणतात, आणि आम्ही घाईत लिहिलेल्या नोंदींनाही टाचण म्हणतो. दोन्ही नंतर काढून टाकायचे.

गाठ विसरलेला :

अर्धवट राहिलेल्या नगासाठी शब्द मात्र शोधावा लागणार नाही. भिजत घोंगडं! बायकोची तीन आहेत. त्यातलं एक मुलीच्या बारशासाठी काढलेलं. मुलगी यंदा दहावीला आहे.

उलटी टीप :

घोंगडं लोकरीचं, मागावर विणलेलं. त्याचा गोधडीशी काही संबंध नाही. (पण शब्द घेतला. माझी दोन.)

बांधावरून :

शिवणातलं मला काही कळत नाही, तिसऱ्या प्रश्नापुरता आलो.

त्या इंग्रजी ‘बी’ची मधमाशीशी सांगड घालतात, पण कोशकारांचा कल निराळा आहे. शेजाऱ्याने शेजाऱ्याला आपखुशीने केलेली मदत, अशा अर्थाच्या एका जुन्या बोलीशब्दाचं ते रूप असावं असं ते मानतात. म्हणजे मूळ कल्पना मध गोळा करण्याची नाही, हातभार लावण्याची आहे. आणि हातभाराला मराठीत शब्दांचा दुष्काळ कधीच नव्हता.

शेतीत दोन शब्द आहेत. इर्जिक म्हणजे एकाचं काम अडलं की गावातले बाकीचे आपापली औतं घेऊन एका दिवसात ते उरकून देतात. मजुरी नाही, ज्याचं शेत त्याने सगळ्यांना जेवू घालायचं. सावड म्हणजे आळीपाळी. आज तुझ्या रानात सगळे, उद्या माझ्या रानात सगळे. हिशेब हाताला हात असा फिटतो. इर्जिक एका दमात संपते, सावड हंगामभर चालते.

तुमचं वर्णन वाचताना मला सावडच दिसली. शनिवारी आळीपाळीने एकेकीच्या घरी, आणि जिचं कार्य तिच्यासाठी सगळ्या. ‘आमची शनिवारची सावड आहे’ म्हणून बघा, जीभ अडखळत नाही. साठीच्या आदल्या रात्री सगळ्या जणी जागून एकच नग संपवत बसलात तर त्या रात्रीपुरती ती इर्जिक.

काठपदर :

शब्द छानच, पण एक खडा टाकते. सावडणं म्हटलं की मला पहिल्यांदा आठवतं ते अस्थी सावडणं. लग्नाच्या, बारशाच्या चिठ्ठीत ‘आमच्या सावडीकडून’ वाचून घरातली मोठी माणसं काय म्हणतील? माझ्या सासूबाईंनी तर नग उंबऱ्याच्या आत घेतला नसता.

बांधावरून :

सावडणं म्हणजे वेचून गोळा करणं. सावड करणं म्हणजे मिळून काम करणं. शेतावर ‘सावडीला चाललो’ म्हणणाऱ्याला कुणी कधी सुतकी चेहऱ्याने पाहिलेलं नाही.

काठपदर :

शेतावर नाही हो. दिवाणखान्यात.

चौपदरी :

काठपदर, तुमच्या शंकेला उत्तर पहिल्याच पोस्टमध्ये आहे. रिकामी रीळ यांनी लिहिलंय, ‘कुणाच्याही घरी कार्य निघालं की’. कार्य म्हणजे लग्न-मुंज, आणि उत्तरकार्य, दिवसकार्य यांतही कार्यच. तरी ‘आमच्याकडे कार्य आहे, यायचं हं’ म्हटल्यावर कुणी दचकत नाही. ऐकणारा प्रसंग बघून अर्थ घेतो.

आणि ही वस्तूही तशीच दोन्हीकडची आहे. अमेरिकेत १८४०च्या दशकात ‘आल्बम क्विल्ट’ची लाट आली होती. प्रत्येकीने एकेक चौकोन शिवायचा, त्यावर आपलं नाव घालायचं, आणि सगळे जोडून लग्न ठरलेल्या किंवा दूर निघालेल्या सखीला द्यायचे. त्याच देशात ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या मैदानावर एड्सने गेलेल्यांच्या स्मरणार्थ १९२० पट अंथरले गेले. प्रत्येक पट ३ फूट बाय ६ फूट, साधारण माणूस मावेल एवढा. तेही क्विल्टच. कुणी दुसरा शब्द शोधायला गेलं नाही.

काठपदर :

पटलं. सासूबाईंना पटलं नसतं, पण मला पटलं.

गाठ विसरलेला :

मग सावडीत बसणाऱ्या पुरुषाला काय म्हणायचं? मी दोरा ओवून देतो. बायको म्हणते सहावं बोट.

रिकामी रीळ :

किती दिलंत सगळ्यांनी! काल शनिवार होता. हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, त्यामुळे पुन्हा शिवण कमी झालं.

‘जुळणी’ एकमताने मंजूर. ‘भरणं’ आमच्यातल्या दोघींना आधीपासूनच माहीत होतं. इतकी वर्षं शेजारी बसून शिवताना त्या बोलल्या नाहीत, कारण आम्ही बाकीच्या ‘क्विल्टिंग क्विल्टिंग’ करत होतो. हे ऐकून मला जरा ओशाळल्यासारखं झालं. त्यातल्याच एकीने मग दाखवलं, उलटी टीप म्हणतात तो झोळ ती अंगठ्याने कसा मागे रेटत आणते. दर चार टाक्यांनी कापडावरून पालथा हात फिरवायचा आणि फुगवटा लागला की तिथला टाका किंचित लांब घ्यायचा. बघितलं तर तिच्या कोपऱ्यातले टाके खरंच एकसारखे नव्हते, पण कापड पाण्यासारखं सपाट. माझे टाके मोजून घ्यावेत असे, आणि मध्ये चुणी.

‘सावड’वर मतं चार विरुद्ध दोन. विरोधातल्या एकीची हरकत अस्थींची नाही. तिचं म्हणणं, सावडीत हिशेब असतो, आपल्यात नाही. यावर दुसरी म्हणाली, ‘नाही कसा? माझ्या मुलाच्या लग्नाचा नग अजून यायचाय.’ मग तीही बाजूने झाली. पाच विरुद्ध एक.

चिठ्ठी अशी झाली : ‘आम्ही सहा जणींनी जुळवलेली आणि भरलेली ही गोधडी. शनिवारची सावड.’ नाक मुरडणारीनेच स्वतःच्या अक्षरात लिहिली, तिचं अक्षर चांगलं आहे.

चिठ्ठी टाचून घडी घालताना लक्षात आलं की सुया मोजल्या तर एक कमी. पाच जणी अख्ख्या नगावरून लोहचुंबक फिरवत बसल्या होत्या. सापडली ती सहावीच्या पदरात. नवऱ्या मुलीला द्यायच्या वस्तूत सुई राहिली असती तर काय झालं असतं, यावर पुढची अर्धी दुपार.

गाठ विसरलेला, सावडीतल्या पुरुषाला ‘सावडकरी’ म्हणावं असं इथे ठरलंय. पण त्यासाठी आधी ते दहावीचं घोंगडं वाळवा.