पार्किंगमधला ढीग कोण उचलणार, किती वाजता? (सोसायटी ग्रुप, देवळाई)

बी-१०२ (सकाळी ७.१२): मी घाटीतून, सरकारी दवाखान्यातून लिहितेय. काल रात्री साडेनऊला छकुलीला बी विंगच्या पार्किंगमध्ये विंचू चावला. लाल विंचू. जिन्याशेजारी फुटक्या फरशांचा जो ढीग आहे, तिथंच. होळीपासून तो तिथं पडलाय. मी तीनदा ग्रुपवर टाकलं, तिन्ही वेळा अंगठे आले, ढीग जागचा हलला नाही. तो आज उचलला गेला पाहिजे. कोण उचलणार, किती वाजता, एवढंच लिहा.

सी-४०१: अरे देवा 🙏 आता कशी आहे लेकरू?

बी-१०२: मॉनिटरवर आहे. डॉक्टर म्हणाले धोका टळत आलाय, पण अजून सोडणार नाहीत.

ए-१०४: टँकर आज किती वाजता येणार आहे?

ए-३०२: वहिनी, ऐकून फार वाईट वाटलं. काही लागलं तर सांगा. पण विंचू त्याच ढिगातून आला कशावरून? मागं सगळा डोंगर आहे. ठेकेदाराचे मजूर गावाकडं गेलेत, आले की लगेच उचलतो.

बी-१०२: दादा, मजूर येणार येणार हे तुम्ही होळीपासून सांगायलात.

सी-२०४: कुणाला राग येऊ देऊ नका, पण रात्री साडेनऊला साडेतीन वर्षांचं लेकरू खाली काय करत होतं?

बी-३०१: काका, लाईट गेली होती. मे महिना आहे. पत्र्यासारखं तापलेलं घर, पंखा बंद. सगळ्यांचीच लेकरं खाली होती. तुमच्याकडं इन्व्हर्टर आहे, म्हणून तुम्हाला कळलं नाही.

सी-२०४: इन्व्हर्टर माझ्या पैशांचा आहे.

सी-४०१: दोन-अडीच महिने फुकट राहायलाय तर विंचवाकडून पण मेंटेनन्स घ्या 😄

ए-२०१: दादा, ही काय चेष्टेची वेळ आहे का? लेकरू दवाखान्यात आहे.

सी-४०१: हा मेसेज हटवला गेला

सी-४०१: माफ करा. वातावरण हलकं करायला लिहिलं होतं.

सचिव: सर्वांनी संयम ठेवावा ही विनंती. विषय रविवारच्या मीटिंगमध्ये पहिल्या क्रमांकावर घेऊ.

बी-१०२: रविवारला चार दिवस आहेत. ढीग कोण उचलणार, किती वाजता?

बी-१०३ काकू: अगं, डॉक्टर काय म्हणले नीट सांग ना. रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या.

बी-१०२: सांगते काकू. सगळ्यांनीच वाचा, उद्या तुमच्या घरी वेळ येऊ शकते.

चावल्याबरोबर ती किंचाळली. ह्यांनी चपलेनं विंचू मारला. बोटाएवढा, तांबूस, नांग्या बारीक. काकूंनी चिंचोका उगाळून लावला. तो चिकटतो का, विष ओढतो का, ते बघत आम्ही बसलो. वीस मिनिटं गेली. रडणं थांबलं तसं मला वाटलं उतरलं. मग तिला एकामागून एक उलट्या झाल्या. एवढा घाम आला की फ्रॉक पिळून काढावा. तोंडातून लाळ गळायली. आणि एवढ्या उकाड्यात तिचे तळपाय बर्फासारखे गार. असे पाय मी कधी हातात धरले नव्हते.

वाटेतल्या एका खासगी दवाखान्यात नेलं. काउंटरवर म्हणाले, आधी ३० हजार भरा, मग आत घेऊ. छकुली ह्यांच्या खांद्यावर उलटी करत होती आणि तो माणूस कार्ड चालतं का विचारत होता. घरातून पाच हजार घेऊन निघालेलो. तिथं दहा मिनिटं हातापाया पडण्यात गेली. शेवटी रिक्षावालाच म्हणाला, ताई, घाटीला चला.

घाटीत केसपेपर व्हायच्या आत एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिचे पाय चाचपले, नाडी धरली आणि विचारलं, "लाल होता का?" डब्यातला विंचू दाखवला. त्या म्हणाल्या, आणलात ठीक, पण तो धरायला थांबत जाऊ नका. वजन केलं, साडेतेरा किलो. गोळीचा बारीकसा भाग पाण्यात विरघळवून चमच्यानं पाजला. मी तिला उचलायला गेले तर ओरडल्याच, "कडेवर घेऊ नका, आडवीच राहू द्या, बीपी खाली येईल." मग तीन-तीन तासांनी औषध. दर वेळी आधी पायाला हात लावून बघायच्या. पहाटे चारच्या डोसला म्हणाल्या, "आता हात लावा." पाय कोमट होते, घाम थांबला होता.

ए-२०१: ताई, ती गोळी प्राझोसिन. मी मेडिकल चालवतो म्हणून सांगतो, आहे बीपीचीच. लाल विंचवाचं विष रक्तवाहिन्या आवळतं, हृदयावर ताण येतो, फुप्फुसात पाणी भरतं. ती आवळण सोडवायचं काम ही गोळी करते. हे शोधलं डॉ. हिंमतराव बावस्करांनी. मूळचे आपल्या जालना जिल्ह्यातले, भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे. महाडकडच्या खेड्यापाड्यांत डॉक्टरकी करताना रात्र-रात्र पेशंटपाशी बसून त्यांनी लक्षणं लिहून काढली. १९८२ ला त्यांचं विंचवावरचं लिखाण लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. आधी विष अंगात भिनलेल्या शंभरातले तीस-चाळीस जायचे, आता एखाद-दुसरा. २०२२ ला पद्मश्री मिळाली.

आणि कुणीही ही गोळी घरी आणून ठेवू नका. वजनावर डोस असतो, चुकला तर बीपी एकदम पडतं.

ए-१०४: टँकरचं कुणी सांगेल का? वरच्या टाकीत पाणी नाही.

बी-१०३ काकू: मी चिंचोका लावला तो काही वाईट हेतूनं नाही. आमच्या सासूबाईंनी किती जणांचं उतरवलंय. सगळ्या ग्रुपवर माझं नाव यायची गरज नव्हती.

बी-१०२: काकू, तुमच्यावर राग नाही. चिंचोका तुमचा होता, पण बघत मी बसले होते. तिची आई मी आहे. मीच उठायला पाहिजे होतं.

बी-१०३ काकू: बरं. यापुढं मी कुणाच्या घरात लुडबुड करणार नाही.

ए-२०१: काकू, तुमच्या सासूबाईंचं खोटं नाही. बरेचसे विंचू नुसते ठणकतात, काही तासांनी आपोआप उतरतं. मग श्रेय चिंचोक्याला जातं. पण कुठला चावला ते कातडीवरून कळत नाही. उलटी, घाम, गार हातपाय यांतलं काही दिसायची पण वाट बघू नये. लहान लेकरू असलं की सरळ दवाखाना. चावलेल्या जागेच्या वर दोरी बांधणं, ब्लेड मारणं तर नाहीच. गाडी नसेल तर १०८.

बी-३०१: वकील म्हणून एक सांगते. आधी पैसे भरा म्हणून तातडीच्या पेशंटला दारात अडवून ठेवता येत नाही. १९८९ चा परमानंद कटारा खटला बघा. जीव वाचवायचे उपचार आधी, कागद आणि पोलीस नंतर, आणि हे सरकारी-खासगी सगळ्या डॉक्टरांना लागू, असं सुप्रीम कोर्टानं तेव्हाच सांगितलंय. ताई, त्या दवाखान्याचं नाव टाका इथं.

बी-१०२: नाव ग्रुपवर टाकणार नाही. लेखी तक्रार करणार आहे, तेव्हा तुमची मदत लागेल.

बी-३०१: अर्ज मी लिहून देते.

सी-२०४: म्हणजे आता कोर्टकचेरी. आणि सोसायटीत वकिलीणबाईंची अर्धी थकबाकी आहे, ते कधी?

बी-३०१: काका, पावती मागच्या महिन्यात खजिनदारांना दाखवलीय. विचारून घ्या आणि मग बोला.

खजिनदार: हो, जमा आहे. विषय भरकटू देऊ नका.

बी-१०२: ढीग कोण उचलणार, किती वाजता?

ए-३०२: वहिनी, सकाळपासून तेच तेच टाकायलात. माझी पण दोन लेकरं त्याच पार्किंगमध्ये खेळतात. मुद्दाम ठेवलाय का मी? ट्रॅक्टरवाला एका खेपेचे तीन हजार मागायलाय, ठेकेदार फोन उचलत नाही.

बी-१०२: तुमची दोन लेकरं पण तिथंच खेळतात, म्हणूनच टाकतेय दादा.

बी-३०१ (सायंकाळी ७.४०): आमच्या ह्यांनी दुकानातली नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची बॅटरी आणली. विंचू त्या उजेडात हिरवट चमकतो. ढिगाच्या कडेला मारली. फोटो टाकते. दोन आहेत. एक जुन्या चौकटीखाली, एक त्या निळ्या टाइल्सच्या खोक्यात.

सी-४०१: बाप रे.

सी-२०४: तिथून मी रोज गाडी काढतो!

ए-३०२: बघितला फोटो. खोकं माझंच आहे. उद्या सकाळी सातला ट्रॅक्टर लावतो, पैशांचं नंतर बघू. तोवर कुणी लेकरांना खाली सोडू नका. वहिनी, माफ करा.

सचिव: वॉचमनला रात्री तिथं दोरी बांधायला सांगतो. उचलणाऱ्यांनी बूट आणि जाड हातमोजे घालावेत, फरशी फावड्यानं उलटवावी, हातानं नाही.

बी-१०२ (दुसऱ्या दिवशी सकाळी ६.५०): काल रात्री तिनं वरण-भात मागितला. आज दुपारी सोडतील.

बी-१०३ काकू: तळपायाला हात लावून बघितलास का आत्ता?

बी-१०२: बघितला काकू. गरम आहेत. दुपारी घरी या.

बी-१०३ काकू: येते. मऊ खिचडी आणते. बाकी काही आणत नाही.

ए-१०४: टँकर गेटवर आलाय पण आत ट्रॅक्टर उभा आहे. टँकरवाला परत जायलाय!!

ए-३०२: पाच मिनिटं थांबवा त्याला. जिन्यापाशी पांढरी गाडी कुणाची आहे? ती काढल्याशिवाय ट्रॅक्टर मागं येत नाही.

सी-२०४: माझी आहे. उतरतोय.