मदत हवी आहे: एबीआय १.४५ आला, तरी आईच्या पोटरीत गोळे का?

सायली_क: आई ६७ वर्षांची. गल्लीच्या टोकापर्यंत गेली की उजव्या पोटरीत गोळा येतो. वाण्याच्या पायरीवर बसते, तीन-चार मिनिटांत बरं वाटतं, पुढे गेलं की पुन्हा तेच. एबीआय (घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा) उजवा १.४५. रिपोर्टवर छापलंय ०.९ च्या खाली दोष. म्हणजे चांगलाच ना? तरी डॉक्टर म्हणतात रक्तवाहिन्या नीट काम करत नाहीत, रोज चालवा. चाललं की तर दुखतं! चालवू की नको? लवकर सांगा.

रानवाटा: शुगर? तंबाखू? रात्री दुखतं का?

देशमुखकाका: व्हेरिकोज व्हेन्स आहेत. आमच्या हिला घट्ट मोज्यांनी महिन्यात फरक पडला.

रानवाटा: काका, त्या फुगलेल्या शिरा, हा प्रश्न पायाला रक्त पोचवणाऱ्या धमन्यांचा. रक्त आधीच कमी पोचतंय, त्यात वरून दाबायचं? सायली, शुगर?

सायली_क: १८ वर्षं आहे, गोळ्या चालू आहेत म्हणून लिहिलं नाही. तंबाखू नाही, फक्त सकाळी मशेरी लावते.

रानवाटा: अहो, मशेरी म्हणजे तंबाखूच! निकोटिनने धमन्या आवळतात. आणि १.४५ चांगला नाही. जुन्या मधुमेहात धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साठून ती कडक होते, घोट्याचा पट्टा फुगवला तरी दबत नाही, म्हणून आकडा फुगतो. १.४ च्या वर गेला की पायाच्या अंगठ्याचा दाब बघतात. ती तपासणी म्हणजे टीबीआय, करून घ्या.

मीनल_फिजिओ: चालवायचंच. स्नायूला जास्त रक्त लागलं की धमनीचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं, धमनी सैल होते. पायाच्या धमन्या अरुंद होण्याच्या या आजारात तेच मंदावतं, चालण्याने सुधारू शकतं. गोळा बऱ्यापैकी येईपर्यंत चालायचं, बसायचं, पूर्ण गेला की परत. ३० मिनिटं, आठवड्यातून ३ दिवस, निदान १२ आठवडे. आधी तळवे बघा, जुन्या शुगरमध्ये पाय बधिर होतात, जखम कळत नाही.

बीटवाला: बीटाचा रस द्या! त्यातल्या नायट्रेटपासून शरीरात नायट्रिक ऑक्साइडच बनतं. मी रोज घेतो.

देशमुखकाका: शुगरवालीला रस? कोशिंबीर खा म्हणावं.

बीटवाला: काका, मोजे सांगणारे तुम्हीच ना?

सायली_क: आत्ता बघितलं. उजव्या करंगळीखाली भेग आहे, कडा काळपट. तिला कळलंच नाही म्हणते. गरम पाण्यात पाय बुडवू का?

मीनल_फिजिओ: अजिबात नको, भाजलं तरी तिला कळणार नाही. चालवणं थांबवा. कोरडी स्वच्छ पट्टी बांधा आणि आजच दाखवा, व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांचा) सर्जन मिळाला तर उत्तम.

सायली_क: रिक्षा बोलावली. निघतोय.