प्रतिसाद: आरेतला पावसाळी कट्टा

वर दोघांनी सुचवलंय की ऑस्ट्रेलियात कार्यक्रमाआधी तिथल्या मूळ रहिवाशांचा उल्लेख करतात, तसा आपणही मुंबईतल्या आरेच्या रानात होणाऱ्या आपल्या कट्ट्याच्या, म्हणजे भेटीच्या, सुरुवातीला करू. कल्पना चांगली आहे, पण 'या भूमीच्या मूळ लेकरांना वंदन' छापाचं गुळमुळीत वाक्य नको. इथल्या आदिवासी जमातींची नावं घ्या: वारली, मल्हार कोळी, कोकणा. त्यांच्या पाड्यांचीही (वस्त्यांची) घ्या: केलटीपाडा, नवशाचा पाडा, खांबाचा पाडा. आरेत असे २७ पाडे मोजले जातात. दूध वसाहत झाली १९५१च्या सुमारास, पाडे त्याच्या कितीतरी आधीचे. आपण मात्र 'आरे' म्हटलं की आधी दूध आणि हल्ली मेट्रो कारशेड.

आणि जागा ठरवताना जरा बघून. शेंदूर फासलेला दगड किंवा लाकडी फळी दिसली, तिच्यावर वाघ आणि वर चंद्र-सूर्य कोरलेले असले, तर तो वाघोबा, इथल्या आदिवासींचा देव. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला त्याला नारळ, कोंबडं देतात. रात्री बिबट्या फिरतो त्याच रानात ही माणसं राहतात, त्यामुळे ही पूजा शोभेची नाही. तिथे सतरंजी पसरून वडापाव खायचा नाही, सेल्फी तर नाहीच. (हो, हे सांगावं लागतं.)

जेवणाची ऑर्डर बाहेरून मागवण्याऐवजी पाड्यातल्या बायकांना आधी विचारा. शेवळं, टाकळा, कुर्डू या रानभाज्यांचा हंगाम त्यांना पाठ असतो. फक्त भाव करत बसू नका.