ताप असताना कामावर बोलावतात, रजेचं काय?

अंधेरीकर: गोदामात पॅकिंगचं काम, पगार १८ हजार, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) कापतात. कालपासून ताप आहे. सुपरवायझर म्हणतात, गोळी घेऊन या. रजा घेतली तर पैसे जातील का?

हिशेबनीस: ईएसआयमधून सरासरी दैनिक वेतनाच्या ७० टक्के मिळतात, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. त्यासाठी सहामाहीत किमान ७८ दिवसांचं अंशदान (पगारातून कापला जाणारा हप्ता) भरलेलं हवं. आजच ईएसआय दवाखान्यातून आजारपणाचा दाखला घ्या. नुसती खासगी डॉक्टरची चिठ्ठी असली की दावा अडकतो. पहिल्या दोन दिवसांचे पैसे सहसा मिळत नाहीत, तिथे किरकोळ रजा टाका.

परळची सिस्टर: पैशांआधी रक्त तपासा! पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) यांपैकी काहीही असू शकतं. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, आजार तसाच राहतो. डेंग्यूत तर ताप उतरल्यानंतरचे २४ ते ४८ तास सगळ्यात धोक्याचे, आणि लोक नेमके तेव्हाच लोकल पकडतात. पोटात जोरात दुखलं, सतत उलट्या झाल्या किंवा हिरड्यांतून रक्त आलं तर थेट रुग्णालय गाठा. आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी अजिबात नको.

अंधेरीकर: सुपरवायझरना कसं कळवू?

हिशेबनीस: फोनवर नको. व्हॉट्सॲपवर लिहा, दाखल्याचा फोटो जोडा. ईएसआयचे आजारपणाचे पैसे चालू असताना त्यांना तुम्हाला कामावरून काढता येत नाही.