लकव्यानंतरच्या हाताच्या व्यायामाचा खेळ : पुढे झुकलेलं कसं ओळखायचं? मदत हवी आहे

नमस्कार. मी नागपूरला मानेवाड्यात राहते, इलेक्ट्रॉनिक्सवाली आहे. मार्चमध्ये बाबांना लकवा मारला, उजवी बाजू गेली. आता काठी घेऊन चालतात, पण उजवं कोपर अजून पूर्ण सरळ होत नाही.

तोच तोच व्यायाम करून कंटाळायचे, म्हणून लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर मीडियापाइप (चित्रातून शरीराचे सांधे ओळखणारं सॉफ्टवेअर) वापरून खेळ केला. पडद्यावर झाड, हात पुढे नेला की संत्रं तुटतं. बाबांची हयात काटोलच्या बागेत गेली, त्यामुळे लगेच रमले. "पाहा न, आज साठ संत्रे तोडले!" असं आईला ओरडून सांगायचे.

मग फिजिओ ताई घरी आल्या. त्यांनी बाबांचाच दुपट्टा छातीवरून खुर्चीच्या पाठीला बांधला आणि तोच खेळ लावायला सांगितला. नऊ तुटले. म्हणजे हात पुढे जातच नव्हता, बाबा कमरेतून झुकून खांदा पुढे ढकलत होते आणि माझा खेळ त्यालाच गुण देत होता. महिनाभर मीच चुकीची सवय पक्की केली, हे फार लागलं.

आता अडलंय ते असं. झुकल्यावर कॅमेऱ्यात दोन खांद्यांमधलं अंतर वाढतं, ते मोजून पाहिलं. पण बाबा झुकताना वळतातही, आणि वळल्यावर तेच अंतर कमी होतं. एकाच कॅमेऱ्यातून मिळणारी खोली, म्हणजे कॅमेऱ्यापासूनचं अंतर, भरवशाची नाही, आकडे सारखे उड्या मारतात. छातीवर एमपीयू-६०५० हा हालचाल मोजणारा सेन्सर लावला तर झुकणं नीट कळतं. वळणं मात्र त्यातल्या जायरोवरच (फिरण्याचा वेग मोजणारा भाग) मोजावं लागतं आणि त्याचा आकडा दोन-तीन मिनिटांत आपोआप सरकतो. कॅमेरा समोरऐवजी कडेने लावून कुणी केलंय का? की प्रत्येक संत्र्यानंतर पाठ टेकवायला लावून जायरो तिथेच शून्यावर आणावा?

दुसरा प्रश्न मला जास्त छळतो. झुकल्यावर खेळाने काय करावं? लाल दिवा आणि भोंगा लावून पाहिला, तर बाबांनी मान खाली घातली आणि दोन दिवस खुर्चीवर बसले नाहीत. सध्या दुपट्टा बांधून हात जिथवर पोचतो तिथेच फळं लावते आहे. ती पुढे कधी आणि किती सरकवायची?

निन्टेंडोच्या वी (Wii) या हालचालीवर चालणाऱ्या व्हिडिओ गेमचा लकव्याच्या रुग्णांवरचा २०१६ चा अभ्यास वाचलाय. १४१ रुग्णांत हा गेम पत्ते, बिंगो अशा साध्या खेळांपेक्षा सरस ठरला नव्हता. तरी बाबा झाडासमोर आपणहून बसतात, म्हणून सोडवत नाही. फिजिओ किंवा घरी असं काही केलेल्यांनी कृपया लिहा. कोड हवा असेल तर देते.