मदत हवी आहे : व्हॅक्यूम क्लीनरच्या चांगल्या बॅगा नाशिकमध्ये कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी. आमच्या जुन्या व्हॅक्यूम क्लीनरच्या मूळ कागदी बॅगा मिळेनाशा झाल्या, म्हणून एमजी रोडवरून 'कुठल्याही मशिनला चालतील' अशा आणल्या. तेव्हापासून ओढच राहिली नाही. बॅग अर्धीही भरत नाही तोच आवाज चढतो आणि मागून गरम हवा येते. बॅग काढली की तोंडाच्या पुठ्ठ्याभोवती, आतल्या डब्यात पिठासारखी बारीक धूळ बसलेली असते. मोटरपुढचा फिल्टरही काळा पडलाय.

बॅग म्हणजे नुसती पिशवी नाही, पहिला फिल्टर तोच. कागदाची छिद्रं बुजली की हवा अडते, आणि बऱ्याच मशिनमध्ये मोटर त्याच हवेवर थंड होते. शिवाय सासूबाईंना दमा आहे, ही धूळ घरात परत उडायला नकोच.

सिडको, इंदिरानगर किंवा रविवार कारंजा भागात अनेक थरांच्या सिंथेटिक बॅगा कुणाकडे मिळतात? जुना पुठ्ठा नेऊन दाखवला तर माप जुळवून देणारं कुणी आहे का? धुऊन वापरायच्या कापडी बॅगा कुणी वापरल्या असतील तर तेही सांगा. बारीक धूळ त्या अडवतील असं मला तरी वाटत नाही.